मत्तथियाची तलवार आणि येशूचे अश्रू : रोजच्या वाचनांवरील एका चिंतन-सेवेविषयी

आमच्या धर्मग्रामातील (पॅरिशमधील) मराठी भाविकांचा एक छोटा गट दररोजच्या मिस्सामधील, म्हणजे कॅथलिक उपासनेतील, बायबलच्या वाचनांवर मराठीतून चिंतन तयार करतो आणि ते मोबाइलवर पाठवतो. पहाटे साडेपाचच्या सुमारास आधी वाचनांचे संदर्भ येतात आणि पाठोपाठ सात-आठ मिनिटांची ध्वनिफीत येते. त्यासाठी काहीही शुल्क नाही. ज्यांना कागदावर वाचायचे असते त्यांच्यासाठी महिन्याची पुस्तिका रविवारच्या मराठी मिस्सानंतर चर्चच्या दाराजवळच्या टेबलावर वीस रुपयांना मिळते. बोलणारे चौघे आहेत : एक धर्मगुरू, एक धर्मभगिनी आणि दोन प्रापंचिक, ज्यांपैकी एक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आहेत. गेल्या नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत मी ही सेवा एकही दिवस न चुकवता ऐकली. ती ऐकण्यामागे एक ठरावीक कारण होते, म्हणून हा अभिप्रायही त्याच कारणाच्या अंगाने लिहीत आहे.

युद्धाविषयी माझ्या श्रद्धेचे म्हणणे काय आहे, हे मला नीट कळत नव्हते. फेब्रुवारी 2022 पासून युक्रेनच्या आणि ऑक्टोबर 2023 पासून गाझाच्या बातम्या रोज घरात येत होत्या, पण मे 2025 मध्ये आपल्याच सीमेवर क्षेपणास्त्रे उडू लागली तेव्हा प्रश्न अंगाशी आला. त्या आठवड्यात आईने 1971 च्या डिसेंबरातील मुंबईचा ब्लॅकआउट पुन्हा एकदा सांगितला. खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवलेला असायचा, स्टोव्हची ज्योतही बाहेर दिसू नये म्हणून आजी दाराला गोधडी लावायची आणि रोझरी अंधारातच म्हटली जायची. आई म्हणाली, “शांती व्हावी म्हणूनही मागायचो आणि आपण जिंकावे म्हणूनही मागायचो. दोन्ही एकाच दमात. या दोन वेगळ्या प्रार्थना आहेत हे आम्हाला कुणी सांगितले नाही.” रविवारच्या भाविकांच्या प्रार्थनेत जगातील शांतीसाठी एक ओळ असते, ती झाली की आपण पुढच्या ओळीकडे वळतो. मला त्या ओळीपाशी थांबणारे कुणीतरी हवे होते.

या आधी मी अशाच दोन-तीन सेवा ऐकून पाहिल्या होत्या. त्यांची नावे घेण्याचे कारण नाही. त्यांत वाचन कुठलेही असो, चिंतन मात्र धीर, क्षमा आणि मनःशांती याच तीन शब्दांवर येऊन ठेपत असे. ज्या दिवशी वाचनात रक्त सांडलेले असे, त्या दिवशी वक्ते शुभवर्तमानाकडे, म्हणजे येशूच्या चरित्रातील वाचनाकडे, वळत आणि बायबलच्या इतर ग्रंथांतून येणाऱ्या पहिल्या वाचनाचा उल्लेखही करत नसत.

आमच्या धर्मग्रामाची सेवा इथेच वेगळी ठरते, आणि तिचे मोल समजण्यासाठी वाचनांची रचना थोडी समजून घ्यावी लागते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर 1969 साली कॅथलिक चर्चने वाचनांचा जो क्रम ठरवला त्यात रविवारची वाचने तीन वर्षांच्या आवर्तनात येतात आणि आठवड्यातील इतर दिवसांची पहिली वाचने सामान्य काळात, म्हणजे मोठ्या सणांच्या काळाबाहेर, विषम व सम अशा दोन वर्षांच्या आवर्तनात येतात, तर त्या दिवसांचे शुभवर्तमान दरवर्षी तेच राहते. याचा परिणाम असा की वक्त्याला आपल्या आवडीचा उतारा निवडता येत नाही. त्या दिवशी जे पान उघडले जाईल त्याच्याशीच त्याला झुंजावे लागते. ही सेवा त्या बंधनाचा मान राखते. दोन्ही वाचने आणि मधले प्रतिसाद स्तोत्र अशी तिन्ही घेऊनच वक्ते बोलायला बसतात.

मी ऐकायला सुरुवात केली तो रविवार 16 नोव्हेंबर 2025 चा होता. लूकच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात येशू सांगतो की लढाया आणि बंडाळ्या यांच्या बातम्या ऐकाल तेव्हा घाबरून जाऊ नका. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर मक्काबींच्या, म्हणजे परक्या राजाच्या छळाविरुद्ध उठलेल्या यहुदी घराण्याच्या, ग्रंथांतील वाचने होती, कारण ते विषम वर्ष होते. हा आठवडा या सेवेचा सर्वांत कसदार भाग ठरला, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

अंतियोख एपिफानेस हा सिरियाचा ग्रीक वंशाचा राजा इसवी सनापूर्वी 175 ते 164 या काळात राज्य करत होता. त्याने यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केले आणि यहुद्यांना त्यांचा धर्म सोडण्याची सक्ती केली. सोमवारच्या वाचनात ही पार्श्वभूमी येते. मंगळवारी नव्वद वर्षांचा शास्त्री एलाजार येतो. त्याला निषिद्ध मांस खाण्याची सक्ती होते, आणि त्याचे जुने स्नेही त्याला बाजूला घेऊन सुचवतात की चालणारे मांस घरून आणा आणि राजाज्ञा पाळल्याचे फक्त सोंग करा. तो नकार देतो, कारण या वयात केलेले सोंग पाहून तरुण मुले फसतील. बुधवारी आई आणि तिचे सात मुलगे येतात. गुरुवारी मोदीन गावचा मत्तथिया येतो आणि तिथे कथा एकदम फिरते : राजाच्या आज्ञेप्रमाणे बळी अर्पण करायला पुढे आलेल्या आपल्याच माणसाला तो वेदीवर ठार करतो, राजाच्या अधिकाऱ्यालाही मारतो, वेदी पाडतो आणि नियमशास्त्राविषयी ज्यांना आस्था आहे त्यांना हाक देऊन डोंगरात निघून जातो.

त्या गुरुवारचे, म्हणजे 20 नोव्हेंबरचे, चिंतन निवृत्त शिक्षिकाबाईंनी केले होते. मी ते बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या लोकलमध्ये, दारापासून तिसऱ्या आसनाच्या कडेला उभा राहून ऐकले, आणि उतरल्यावर फलाटावरच्या बाकावर बसून पुन्हा ऐकले. बाईंनी आधी तिन्ही दिवस एका ओळीत मांडले. छळ तोच होता, राजा तोच होता, आणि श्रद्धाही तीच होती. पण म्हातारा शास्त्री आणि सात मुलांची आई हात न उचलता मरण पत्करतात आणि तिसऱ्या दिवशी एक बाप तलवार उचलतो. ग्रंथाने यांतल्या कुणालाही खोटे ठरवलेले नाही. त्यानंतर त्यांनी त्याच दिवसाचे शुभवर्तमान वाचले. त्यात येशू यरुशलेमजवळ येतो, शहराकडे पाहून रडतो आणि म्हणतो की शांती कशात आहे हे तुला आज तरी कळले असते तर बरे झाले असते. शत्रू तुला वेढा घालतील आणि दगडावर दगड ठेवणार नाहीत, असेही तो सांगतो. इसवी सन 70 मध्ये रोमन सैन्याने हे शहर खरोखरच उद्ध्वस्त केले.

बाईंनी यावर घाईने निष्कर्ष काढला नाही, हे मला फार मोलाचे वाटले. त्यांनी एवढेच लक्षात आणून दिले की मत्तथियाने ज्या शहरासाठी तलवार उपसली त्याच शहरासाठी येशू रडतो आहे. आणि तो रडतो तेव्हा मत्तथियाला दोष देत नाही, अंतियोखालाही शाप देत नाही, तो शहराशी बोलतो. युद्धाकडे पाहताना आपण आधी न्यायाधीशाच्या आसनावर जाऊन बसतो आणि रडणे दुसऱ्यावर सोपवतो, असे त्या म्हणाल्या. नंतर सुमारे अर्धा मिनिट त्या काहीच बोलल्या नाहीत. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली ती तेवढी ऐकू आली, आणि ती त्यांनी कापून टाकली नाही.

शनिवारी त्याच अंतियोखाचा शेवट येतो, ज्यात पराभवाच्या बातमीने तो अंथरुणाला खिळतो, त्याची झोप उडते आणि यरुशलेममध्ये आपण केलेली दुष्कृत्ये त्याला आठवू लागतात. धर्मगुरूंनी त्या दिवशी जिंकणाऱ्याच्या निद्रानाशावर बोलून फार नेमके सूत्र धरले होते, पण त्यांचे बोलणे थोडे पसरट झाले.

आता एका दोषाविषयी, कारण तो गंभीर आहे. त्याच आठवड्यात एके दिवशी बाहेरून बोलावलेल्या एका वक्त्याने मक्काबींची कथा सरळ आजच्या बातम्यांवर बसवली. अंतियोख म्हणजे अमुक देश आणि मक्काबी म्हणजे तमुक, असे त्याने नावे घेऊन सांगितले. अशा वेळी वाचन हे ऐकणाऱ्याच्या आधीच्या मताला आधार देण्यापुरतेच उरते. तीच कथा समोरच्या बाजूचा माणूस तितक्याच सहज आपल्याकडे ओढून घेऊ शकतो, हे वक्त्याच्या ध्यानात आले नसावे. आमच्या इमारतीत एक निवृत्त सुभेदार राहतात, त्यांना मी रोज ध्वनिफीत पुढे पाठवत असे. त्यांचा त्या दिवशी फोन आला. ते म्हणाले, “बातम्या आम्ही टीव्हीवर बघतो. पहाटे उठून शास्त्र ऐकायला बसतो ते दुसऱ्या कशासाठी तरी.” मी त्यांचे म्हणणे गटाला कळवले. दोन दिवसांनी धर्मभगिनींनी चिंतनाच्या सुरुवातीला कोणतेही स्पष्टीकरण न देता, झाल्या गोष्टीबद्दल खेद आहे असे साध्या शब्दांत सांगितले. एखाद्या सेवेकडून चूक होते तेव्हा ती कशी वागते यावर मी तिला जोखतो, आणि इथे ती खरी उतरली.

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळपूर्वीच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार 30 नोव्हेंबरला आला. त्या दिवशी यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायातील ते प्रसिद्ध वाचन होते, ज्यात लोक तलवारी ठोकून फाळ करतात आणि भाल्यांच्या कोयत्या करतात. हे वाचन मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि ते कानावरून निघून जाते, हे मान्य करतो. या वेळी दुसरे प्रापंचिक वक्ते बोलले. त्यांचे घराणे वसईचे आहे आणि बोलण्याची धाटणी शेतकऱ्याची आहे. तलवारीचा फाळ करायचा म्हणजे आधी ती भट्टीत घालावी लागते, लाल झाल्यावर ठोकावी लागते, आणि एकदा फाळ झाला की पुन्हा तलवार करायलाही तेवढीच भट्टी लागते, असे त्यांनी सांगितले. योएल संदेष्ट्याने याच शब्दांना उलटे फिरवून, फाळ ठोकून तलवारी करा, अशी हाक दिली आहे, हेही त्यांनी न लपवता सांगितले. लोखंड दोन्हीकडे जाऊ शकते. लोहार कुणाची मजुरी घेतो यावर ते अवलंबून असते.

तिथून ते वसईच्या घंटांकडे वळले. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकल्यानंतर तिथल्या चर्चमधील घंटा विजयाची खूण म्हणून देशावर नेल्या गेल्या, आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटा त्यांपैकीच एक आहे. वसईकर ख्रिस्ती माणसाच्या तोंडून ही गोष्ट तक्रारीच्या सुरात ऐकण्याची मला सवय आहे. वक्त्यांनी तक्रार केली नाही. पोर्तुगिजांच्या त्या किल्ल्यात देवळे आणि तोफा एकाच तटबंदीच्या आत होत्या, क्रूस आणि बंदूक एकाच गलबतातून उतरली होती, आणि घंटा व तोफ या दोन्ही तांबे आणि कथील यांच्याच ओतकामातून होतात, हे त्यांनी शांतपणे मांडले. आपली घंटा कुणी नेली हे आपण विसरत नाही, पण आपल्या घंटेशेजारी तोफ का उभी होती हे आपण विचारत नाही, असा त्यांचा प्रश्न होता. वाचनातून निघालेला धागा इतक्या जवळच्या गावापर्यंत नेणे आणि तरीही वाचन सुटू न देणे हे अवघड काम आहे. त्यांनी ते आठ मिनिटांत केले.

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, मत्तयाच्या आठव्या अध्यायातील शताधिपती आला. हा परकी फौजेचा अधिकारी आपल्या आजारी चाकरासाठी विनवणी करायला येतो, आणि येशू म्हणतो की एवढी श्रद्धा इस्राएलात कुणाकडे आढळली नाही. प्रभो, तू माझ्या घरी यावेस अशी माझी योग्यता नाही, हे त्याचे उद्गार आपण प्रत्येक मिस्सामध्ये ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी उच्चारतो. धर्मभगिनींनी दाखवून दिले की येशू त्याला नोकरी सोड असेही म्हणत नाही आणि तुझी नोकरी पवित्र आहे असेही म्हणत नाही. आणि ज्याच्यासाठी हे सारे घडते त्या चाकराचे नाव शुभवर्तमानात कुठेच येत नाही. याच संदर्भात त्यांनी कुलाब्याच्या अफगाण चर्चचा उल्लेख केला. मी पुढच्या रविवारी मुद्दाम तिथे गेलो. पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेले आणि 1858 साली अभिषिक्त झालेले हे चर्च आहे. तिथल्या लेखाचा आशय असा आहे की अधिकाऱ्यांची नावे भिंतीवर लिहिलेली आहेत, आणि साध्या शिपायांची संख्या फार मोठी असल्यामुळे ती लिहिता आलेली नाहीत. त्या भिंतीसमोर उभा असताना शताधिपतीच्या चाकराची आठवण होणे हे या सेवेचे माझ्यावरील ऋण आहे. सुभेदारांना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी त्यांच्या तुकडीतील तीन जवानांची नावे घेतली. ती नावे मी त्यांच्या तोंडून त्यापूर्वी कधीही ऐकली नव्हती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणखी एक स्थानिक संदर्भ आला, तो मला नवा होता. 1964 साली त्याच दिवसांत पोप पॉल सहावे आंतरराष्ट्रीय युखरिस्ट (ख्रिस्तशरीर संस्कार) परिषदेसाठी मुंबईत आले होते. परिषद ओव्हल मैदानावर भरली होती हे आमच्या घरात ठाऊक होते, कारण आजी तिथे गेली होती. मात्र याच शहरातून त्यांनी जगातील राष्ट्रांना शस्त्रस्पर्धा थांबवण्याचे आणि शस्त्रांवरील खर्चाचा काही भाग गरीब देशांसाठी एका जागतिक निधीत घालण्याचे आवाहन केले होते, हे मला ठाऊक नव्हते. तलवारीचा फाळ करण्याचा हिशेब रुपयांत कसा दिसतो ते या आवाहनात दिसते, अशी जोड वक्त्यांनी दिली.

जानेवारीत मात्र माझी एक अपेक्षा अपुरी राहिली. 2026 हे सम वर्ष असल्यामुळे शमुवेलाचा पहिला ग्रंथ सुरू झाला. 19 जानेवारीच्या सोमवारी देवाने इस्राएलाचा राजा शौल याला नाकारल्याचे वाचन पंधराव्या अध्यायातील सोळाव्या ओवीपासून सुरू होते. अमालेकी लोकांच्या बायका, मुले आणि तान्ही बाळेही मारून टाकण्याची आज्ञा ही त्याच अध्यायाच्या तिसऱ्या ओवीत आहे, आणि ती वाचनात घेतलेली नाही. शौलाने मोडलेली आज्ञा नेमकी किती कठोर होती, हे त्या ओवीवाचून कळतच नाही. त्या दिवशीच्या वक्त्यांनी आज्ञापालन हे यज्ञापेक्षा श्रेष्ठ, एवढ्यावर गोड चिंतन केले आणि वगळलेल्या भागाचा निर्देशही केला नाही. युद्ध आणि श्रद्धा यांचा सर्वांत कठीण प्रश्न त्या वगळलेल्या ओव्यांतच आहे. स्तोत्र 137 चेही तसेच आहे. बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणे वाचले जाते, पण शत्रूची बाळे खडकावर आपटण्याविषयीचा शेवट उपासनेत वाचला जात नाही. वगळण्यामागे चर्चची काही कारणे असतील आणि ती आदराने ऐकायला मी तयार आहे, पण ज्या सेवेने मत्तथियाला न घाबरता तोंड दिले तिने इथे पाऊल मागे घेऊ नये. घरात कुणी श्रोता बायबल उघडून बसला असेल, तर त्याला त्या ओव्या दिसतातच, आणि त्या पानावर तो एकटा पडतो.

दोन दिवसांनी, बुधवारी, मेंढपाळ दावीद आणि महाकाय योद्धा गल्याथ आले, आणि शिक्षिकाबाईंनी पुन्हा एकदा तिन्ही वाचने एकत्र धरली. पहिल्या वाचनात दावीद गोफणीने गल्याथाला पाडतो आणि त्याच्याच तलवारीने त्याचे शिर कापतो. प्रतिसाद स्तोत्र 144 मध्ये, माझ्या हातांना युद्ध आणि बोटांना लढाई शिकवणाऱ्या देवाची स्तुती आहे. शुभवर्तमानात शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या, दिवशी सभास्थानात एक वाळलेल्या हाताचा माणूस आहे, आणि येशू विचारतो की या दिवशी जीव वाचवणे योग्य आहे की जीव घेणे. मग तो त्या माणसाला सांगतो, हात पुढे कर. बाईंनी फक्त हातांची मोजणी केली : गोफण फिरवणारा हात, लढाई शिकलेली बोटे आणि बरा होऊन उघडलेला हात. तो हात बरा झाल्यावर काही लोक येशूला मारण्याची मसलत करायला बाहेर पडतात, हे शेवटचे वाक्य त्यांनी मुद्दाम दोनदा वाचले. मी त्या वेळी गाडीतल्या कडीला धरून उभा होतो आणि माझ्याभोवती वीस-पंचवीस हात तशाच कड्यांना धरलेले होते.

व्यवहाराच्या बाजूने काही उणिवा सांगितल्या पाहिजेत. ध्वनिफिती महिनाभरानंतर मिळत नाहीत, त्यामुळे नोव्हेंबरचा तो आठवडा मला आज कुणाला ऐकवता येत नाही, याची खंत वाटते. स्तोत्रांचे क्रमांक कधी हिब्रू गणनेप्रमाणे तर कधी ग्रीक-लॅटिन गणनेप्रमाणे दिलेले असतात आणि श्रोता एक स्तोत्र मागे-पुढे भटकतो. मक्काबींचे ग्रंथ प्रोटेस्टंट बंधूंच्या मराठी बायबलमध्ये नसतात, हे गटाच्या लक्षात आलेले दिसत नाही. भायखळ्याला राहणारी माझी एक सहकारी ही सेवा आवडीने ऐकते, पण त्या आठवड्यात ती पाने उलटत राहिली आणि शेवटी मी तिला उतारे हाताने लिहून दिले. अशा दिवशी मूळ उतारा पुस्तिकेत छापावा, त्यासाठी किंमत पाच रुपयांनी वाढली तरी चालेल. पुस्तिकेचा टाइप वृद्धांसाठी बारीक आहे. रविवारी आवाज चर्चमध्येच ध्वनिमुद्रित करतात आणि तो घुमतो. घरी मुद्रित केलेले चिंतन, कुकरच्या शिट्टीसकट, कितीतरी स्पष्ट ऐकू येते.

ज्यांना दिवसाची सुरुवात हलक्या मनाने करायची आहे त्यांना ही सेवा रोज रुचेलच असे नाही. ज्यांच्या घरातील कुणी फौजेत आहे, ज्यांना बातम्या पाहून प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत, आणि आपण शांती मागतो आहोत की विजय हे ज्यांना स्वतःला विचारायचे आहे, त्यांनी ती किमान दोन आठवडे सलग ऐकावी. अधूनमधून ऐकून तिचा उपयोग होणार नाही, कारण गुरुवारचे वाचन मंगळवारच्या वाचनाशिवाय उलगडत नाही.

वगळलेल्या ओव्यांविषयीचे माझे म्हणणे मी गटाला लेखी कळवले आहे. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत, त्यावर एक संध्याकाळ ठेवू, श्रोत्यांनी आपापले बायबल घेऊन यावे, असे उत्तर आले आहे. उपवासकाळाच्या पुस्तिकेच्या तीन प्रती मी आधीच सांगून ठेवल्या आहेत, एक आईसाठी, एक भायखळ्याला पाठवण्यासाठी आणि एक सुभेदारांसाठी. संध्याकाळी येणार का, असे मी सुभेदारांना विचारले तेव्हा त्यांनी दिवस कोणता ते विचारले आणि कॅलेंडर काढून आणले.